बार मित्सवाचं संगीत: पाराशा बेशलाख, शेवाट 5786 (प्रकल्प नोंदी)

19 ऑक्टोबर 2025, रविवार

तारखा पक्क्या झाल्या, आपल्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू) घरातल्या मुलाच्या बार मित्सवाच्या, म्हणजे तेरा वर्षं पूर्ण झाल्यावर धर्मकर्तव्यं अंगावर येण्याच्या समारंभाच्या. मुलाचा जन्म 21 जानेवारी 2013 रोजी सकाळी, म्हणजे ज्यू पंचांगात 10 शेवाट 5773. यंदा 10 शेवाट 28 जानेवारीला, बुधवारी येते. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून 27 तारखेच्या संध्याकाळी त्याला तेरा वर्षं पूर्ण होतात. इंग्रजी वाढदिवसाचा केक आठवडाभर आधी कापला तरी चालेल, पण 27 च्या संध्याकाळपर्यंत तोरावर (मोशेच्या पाच ग्रंथांच्या गुंडाळीवर) आलिया, म्हणजे वाचनासाठी बोलावण्याचा मान, देता येणार नाही. हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवलं, कारण पाहुण्यांची विमानतिकिटं यावर ठरतात.

त्यावरून तीन कार्यक्रम आखले. गुरुवार 29 जानेवारीला सकाळी शाहरीत (सकाळची प्रार्थना), तेफिल्लीन (हाताला आणि कपाळाला बांधायच्या धर्मवचनांच्या पेट्या) आणि पहिली आलिया. शनिवार 31 ला शब्बाथची (विश्रांतीच्या दिवसाची) माफ्तीर, म्हणजे तोरावाचनाचे शेवटचे पासूक (वचनं), आणि हाफतारा, म्हणजे त्यानंतरचं संदेष्ट्यांच्या ग्रंथांतलं वाचन. रविवार 1 फेब्रुवारीला संध्याकाळी मलिदा, म्हणजे गोड पोह्यांच्या आणि फळांच्या ताटाचा विधी. त्याच सूर्यास्ताला तू बिश्वात (15 शेवाट, झाडांचं नववर्ष) लागतो, म्हणजे आपल्या कोकणातल्या घरांतला एलियाहू हनाबीचा (संदेष्टा एलियाचा) उरूस. मलिद्याला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

आणि या आठवड्याचा पाराशा, म्हणजे तोराचा साप्ताहिक भाग, बेशलाख! समुद्र दुभंगल्यावर मोशे आणि इस्राएल लोकांनी गायलेलं गाणं, शीरा, याच पाराशात आहे, म्हणून या शनिवारला शब्बाथ शीरा म्हणतात. संगीत निवडायला वर्षभरात याच्याइतका भरलेला आठवडा नाही. शिवाय शेवाटात वाद्यांना बंदी घालणारा कुठलाच काळ येत नाही. पेसाह सणात सुरू होणारे ओमेर मोजण्याचे दिवस किंवा 17 तम्मूज ते 9 आव हे शोकाचे तीन आठवडे असते, तर रविवारची पेटी आणि तबला दोन्ही बाजूला ठेवावे लागले असते. ज्यांची तारीख अशा काळात येते त्यांनी फक्त कंठसंगीतावर आखणी करावी किंवा जेवणाचा समारंभ पुढे न्यावा.

26 ऑक्टोबर, रविवार

चाली निवडण्याआधी कुठे काय चालतं ते हज्जानांबरोबर (सिनेगॉगमधली प्रार्थना गाऊन चालवणाऱ्यांबरोबर) बसून लिहून काढलं. हे आधी केलं नाही तर आवडलेली अर्धी यादी शेवटच्या आठवड्यात रद्द होते.

शब्बाथला शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत वाद्य नाही, माइक नाही, रेकॉर्डिंग नाही. सूर मिळवायला फोनवरचा तानपुरासुद्धा नाही. ठेक्यावर टाळ्याही आमच्याकडे टाळतात. गुरुवारी माइक आणि फोटो चालतात, पण प्रार्थनेच्या आत वाद्य घ्यायचं नाही असं ठरलं. पेटी न्याहारीच्या वेळी हॉलमध्ये. रविवारी सगळं चालतं.

आणखी एक गोष्ट निवडीवर परिणाम करते. आपल्याकडे कोहेन (पुरोहित) आणि लेवी घराणी परंपरेने नाहीत, त्यामुळे पहिली आलिया इस्राएललाच, म्हणजे बाकीच्या सामान्य ज्यूला, दिली जाते. पण इस्राएलहून किंवा बगदादी कुटुंबातून कोणी कोहेन पाहुणा आला, तर पहिला मान त्याचा आणि मुलगा तिसऱ्या आलियेवर जातो. म्हणून गुरुवारचा तिन्ही आलियांचा मजकूर, निर्गम 13:17 ते 14:8, असे 14 पासूक मुलानेच वाचायचे. मग बोलावण्याचा क्रम कसाही बदलला तरी त्याचं काही अडत नाही.

9 नोव्हेंबर, रविवार

सर्वांत महत्त्वाचा निर्णय आजचा: तआमीम, म्हणजे वाचनाच्या चालीच्या खुणा, कोणत्या परंपरेचे?

तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात आणि गाण्याच्या खुणाही नसतात. नुसती व्यंजनं. प्रत्येक शब्दाची चाल छापील तिक्कूनमधून पाठ करून जायची. तिक्कूनमध्ये एका स्तंभात खुणांसकट मजकूर आणि शेजारी गुंडाळीसारखा कोरा मजकूर असतो. खुणा सगळ्या जगात त्याच, पण त्यांची चाल समाजागणिक वेगळी. मुलाने गेल्या महिन्यात मोबाइलवरच्या ॲपवरून सुरुवात करून टाकली होती. ते ॲप अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) पद्धतीचं आहे. त्यात तो ‘एत्नाख्ता’, ‘तिपखा’, ‘मेर्खा’ शिकतोय, आणि हज्जान त्यालाच ‘अथनाख’, ‘तर्खा’, ‘मारिख’ म्हणतात. नावांचं जुळवून घेता येतं. चालीचं येत नाही, कारण अश्केनाझी वाचन वेगळ्या स्वरसप्तकात फिरतं आणि दोन्हींची सरमिसळ झाली की वाक्य कुठे थांबलं तेच ऐकणाऱ्याला कळत नाही.

आपली प्रार्थना सेफार्दी (स्पेन आणि मध्यपूर्वेकडच्या ज्यूंच्या) पद्धतीची. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या हज्जानांनी आणि शिक्षकांनी कोकणात आणि मुंबईत ती शिकवली, पुढे बगदादी आणि येमेनी वाचकांचाही हात त्यावर फिरला. मुलाचे आजोबा रेवदंड्याचे, त्यांना हाफताराची जुनी चाल येते. निर्णय असा: तोरा हज्जानांच्या पद्धतीने, हाफतारा आजोबांच्या चालीवर, ॲप आजपासून बंद. सोयीचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर कुठल्याही क्षणी मिळेल. आजोबांची चाल मात्र त्यांच्या गळ्यातूनच घ्यावी लागेल, आणि ती या मुलाने घेतली नाही तर या घरात ती पुढे जाणार नाही. संगीत निवडताना पहिला प्रश्न हाच हवा.

आजोबांचं रेकॉर्डिंग असं करायचं ठरलं: एका पासूकची एक फाइल, नावात अध्याय आणि पासूकचा आकडा (शोफ्तीम म्हणजे शास्ते हा ग्रंथ, तर शोफ्तीम-05-12 असं). प्रत्येक पासूक दोनदा, एकदा सरळ आणि एकदा अथनाखपाशी (पासूकच्या मधल्या थांब्यापाशी) तोडून. फोन तोंडापासून हातभर लांब, पंखा बंद. पूर्ण अध्यायाची एकच लांब फाइल केली तर मुलगा रोज सुरुवातीचे दहा पासूक घोटतो आणि शेवटचे वीस कच्चे राहतात.

16 नोव्हेंबर, रविवार

पेटी सरावातून काढली. घरी ताई पेटीवर तोराची चाल धरून देत होती, हेतू चांगला, परिणाम वाईट. मध्यपूर्वेतल्या सेफार्दी वाचनाची चाल सिगाह मकामात (अरबी संगीतातल्या रागासारख्या स्वररचनेत) असते. त्यात आधारस्वरापासून पुढचा स्वर पाऊण स्वर अंतरावर येतो, म्हणजे आपला कोमल रे आणि शुद्ध रे यांच्या मधोमध. त्याच्या पुढचा स्वर असाच कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये. पेटीत ती पट्टीच नाही. पेटीवर घोकलं की कान जवळच्या पट्टीला चिकटतो: खाली सरकला तर भैरवीची छटा येते, वर सरकला तर बिलावलाची. दोन्ही गोड लागतं आणि दोन्ही चुकीचं.

तानपुरा चालतो. सा आणि पंचम लावले की सिगाहचा आधारस्वर आणि त्याचा पंचम बरोबर जुळतात, मधले स्वर गळ्याला मोकळे राहतात. आठवड्याचे पहिले चार दिवस तानपुऱ्यावर, उरलेले दोन दिवस कोऱ्या आवाजात. शब्बाथला आधार मिळणार नाही, त्याची सवय आधीच हवी.

30 नोव्हेंबर, रविवार

शीरेचा प्रश्न सोडवला. शब्बाथच्या वाचनात शीरा चौथ्या आलियेत येते, 14:26 ते 15:26, एकूण 32 पासूक. घरच्यांची इच्छा होती की मुलाने हीच वाचावी. हिशोब मांडला: गुरुवारचे 14, माफ्तीरचे 3 (17:14 ते 16), हाफताराचे 31, वर हे 32, मिळून 80. फुटू लागलेल्या आवाजाला आणि शाळेच्या परीक्षांना हे झेपणार नाही.

तोडगा सिद्दूरमध्येच (प्रार्थनापुस्तकात) होता. शीरेचे हेच शब्द, 15:1 ते 18, रोजच्या सकाळच्या झेमिरोथमध्ये (सुरुवातीच्या स्तोत्रांत) म्हटले जातात. तिथे सिद्दूर उघडा असतो, स्वरचिन्हं समोर असतात, गुंडाळीतून वाचायची सक्ती नसते. तेव्हा गुरुवारी आणि शब्बाथला झेमिरोथमधली शीरा मुलगा पुढे उभा राहून गाईल आणि सगळे त्याच्या मागून. तोरातली शीरा हज्जान वाचतील. गुंडाळीत ती 30 ओळींत, विटांच्या बांधकामासारखी मजकूर आणि मोकळी जागा आलटून पालटून लिहिलेली असते. मुलाने तेव्हा तेबावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) हज्जानांच्या शेजारी उभं राहून ती लिखावट नीट पाहावी.

गाताना जिथे घसरायला होतं ती जागा 15:11. तिथे एकच शब्द दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा उच्चारायचा: पहिल्यांदा ‘मी खामोखा’, दुसऱ्यांदा ‘मी कामोखा’. पहिल्या काफ अक्षरात दागेशचा ठिपका नाही, दुसऱ्यात आहे. चाल दोन्हींना सारखीच वाटत असल्याने गळा दुसऱ्यांदाही खामोखाच म्हणून टाकतो, आणि समुदाय मागून म्हणत असेल तर चूक चाळीस तोंडांतून घुमते. मुलाच्या सिद्दूरमध्ये दुसऱ्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

7 डिसेंबर, रविवार

हाफतारा. सेफार्दी पद्धतीत शोफ्तीमचा पाचवा अध्याय, 5:1 ते 31, म्हणजे देबोराचं गाणं. अश्केनाझी पुस्तकात सुरुवात 4:4 पासून छापलेली असते. कोणी परदेशातून आणलेलं हुमाश (तोराचं छापील पुस्तक) वापरत असेल तर आधी ही सुरुवात तपासा, नाहीतर मूल वीस-एक पासूक फुकट पाठ करतं.

हाफताराची चाल तोराहून वेगळी, खुणा त्याच. पहिल्या आठवड्यांत दोन्ही एकत्र शिकवू नयेत. मुलाचं तोरा वाचन पक्कं झाल्यावरच ही सुरू केली, नाहीतर तेबीर आणि रबिया या दोन खुणा नेहमी एकमेकांच्या घरात शिरतात.

आजोबांनी 5:12 वर बराच वेळ घेतला आणि तो घ्यायलाच हवा. ‘ऊरी ऊरी देबोरा, ऊरी ऊरी दब्बेरी शीर’: ‘ऊरी’ चारदा येतं. पहिल्या दोहोंत आघात शेवटच्या अक्षरावर, ऊ-रीऽ ऊ-रीऽ. नंतरच्या दोहोंत पहिल्या अक्षरावर, ऊऽ-री ऊऽ-री. खुणेची जागा बघितली की कळतं: आधीच्या जोडीत खूण रेशपाशी (‘र’पाशी) आहे, नंतरच्या जोडीत आयिनखाली (शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली). बहुतेक मुलं चारही एकसारखे ठोकतात. पहिल्या जोडीत हाक वर चढत जाते आणि दुसऱ्या जोडीत खाली अथनाखकडे उतरते. हे ऐकू आलं की अध्यायाचा मध्य उजळतो.

हाफतारापूर्वी एक आशीर्वचन, नंतर चार. मुलांना मधला मजकूर येतो आणि शेवटच्या चारांत दम संपतो, म्हणून सराव शेवटाकडून सुरू करायचा: आधी चौथं आशीर्वचन, मग तिसरं आणि चौथं, असं मागे मागे.

14 डिसेंबर, रविवार (संध्याकाळी हनुक्काचा पहिला दिवा)

आवाजाची चाचणी. सकाळी आठच्या आधी घेतली, कारण वाचन सकाळीच आहे आणि फुटणारा आवाज सकाळी संध्याकाळपेक्षा खाली असतो. ऑक्टोबरात मुलगा काळी चारमध्ये आरामात होता, आता काळी दोनच्या वर आवाज चिरकतो. पट्टी खाली आणली. त्यालाही सांगितलं की जानेवारीत आणखी उतरू शकते, म्हणून चाल स्वराच्या नावाने नाही, अंतराने लक्षात ठेवायची.

शब्बाथला सूर द्यायला काहीच नसतं, तेव्हा पहिलं वाक्य सूर ठरवतं. आलियेला गेल्यावर ‘अदोनाय इम्माखेम’ (‘देव तुमच्यासोबत असो’) बोलण्याच्या आवाजाच्या किंचित वर सुरू करायचं, त्याच्या वर नाही. घाबरलेलं मूल इथेच दोन-तीन स्वर वर उडी घेतं आणि दहा पासूकांनंतर वरचा स्वर लागत नाही.

21 डिसेंबर, रविवार

सरावातली एक बारीक पण महाग चूक. आशीर्वचनं घोकताना देवाचं नाव (अदोनाय) घ्यायचं नाही म्हणून घरात सगळे ‘हाशेम’ म्हणत होते. हाशेम दोन अक्षरांचा, अदोनाय तीन. चालीतला एक ठोका सरावभर गायब आणि प्रत्यक्षात अचानक हजर! मूल नेमकं तिथे अडखळतं. लहानांना शिकवण्यासाठी आशीर्वचन पूर्ण नावासह म्हणायला धर्मशास्त्राची मुभा आहे, हज्जानांनीही दुजोरा दिला. 27 जानेवारीच्या सूर्यास्तापर्यंत मुलगा लहानच धरला जातो, तेव्हा तोवर पूर्ण नावाने सराव. त्यानंतर आशीर्वचनांचा सराव थांबवायचा.

28 डिसेंबर, रविवार

प्रार्थनेच्या शेवटच्या अदोन ओलाम या स्तोत्रासाठी चाल. घरातून बऱ्याच सूचना आल्या: चित्रपटातली चाल, इस्राएलमधली लष्करी ठेक्याची चाल, एक भावगीत. धर्मशास्त्राच्या बाजूने बाहेरची चाल घेण्यात अडचण नाही. सेफार्दी धर्मगुरू राव ओवादिया योसेफ यांनी अरबी गाण्यांच्या चाली प्रार्थनेला लावण्याला स्पष्ट मुभा दिली आहे. पण आमची कसोटी अशी की चाल सुरू होताच लोकांना नट-नटी आठवत असतील तर ती सिनेगॉगमध्ये नको. दुसऱ्या धर्माच्या उपासनेशी घट्ट बांधलेली चाल तर नकोच, तिचा मानही त्यातच आहे.

मग छंद मोजला. अदोन ओलाम मध्ययुगीन हिब्रू-अरबी वृत्तात आहे:

अ-दोन-ओ-लाम | अ-शेर-मा-लाख
बे-ते-रेम-कोल | ये-त्सीर-निव-रा

एक आखूड, तीन लांब. लगागागा चार वेळा. हे आपलं वियद्गंगा वृत्त! माधव ज्यूलियनांच्या ‘छंदोरचने’त नोंदलेलं, मराठी गझलेत रुळलेलं. एका ओळीत सोळा अक्षरं, दोन्हीकडे. म्हणजे वियद्गंगेत बसलेली कुठलीही मराठी चाल या शब्दांना अक्षर न मोडता लागते.

ताल पाहिला तर आणखी जुळतं. लगागागाच्या मात्रा सात: एक आणि दोन मिळून तीन, मग दोन, मग दोन. रूपकाचे खंड नेमके तीन-दोन-दोन. रूपकाची सम खाली असते, म्हणून आखूड ‘अ’वर ठोका पडत नाही. सहाव्या मात्रेची टाळी ‘लाम’, ‘लाख’ या अक्षरांवर येते, जिथे हिब्रू शब्दाचा आघात आहे. लष्करी ठेक्याच्या किंवा केरव्याच्या चालीत चौथं अक्षर ओढून आठ मात्रा भरतात आणि पहिल्या ‘अ’वर जोर बसतो. शब्द ‘अऽदोन’ होतो. तो चुकीचा आहे, कितीही जोशात गायला तरी.

एक अडचण दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला: ‘लेएत नाअसा’. लिहिताना पाच अक्षरं, वृत्तात चारच. ‘नाअ’ एका लांब अक्षरात मिटवायचं. गाणाऱ्यांना आधी सांगितलं नाही तर इथे अर्धे लोक अर्धी मात्रा मागे राहतात.

सेफार्दी पाठात 12 ओळी, अश्केनाझी पुस्तकात 10. ओळीला रूपकाची चार आवर्तनं, एकूण 48. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत पावणेतीन मिनिटं होतात. याहून संथ ठेवलं तर उपाशी मंडळी शेवटच्या चार ओळी पळवतात. शब्बाथला हे सगळं बिनठेक्याचं असेल, पण सराव तबल्यावर करून लय अंगात भिनवायची.

11 जानेवारी 2026, रविवार

मलिद्याचं संगीत. मध्यभागी ‘एलियाहू हनाबी’, आपल्या प्रत्येक शुभकार्यात म्हटलं जाणारं. त्याची चाल बदलायची नाही, यावर चर्चासुद्धा नको. ठरवायचं फक्त पट्टीचं. बायकांना काळी चार-पाच सोयीची, पुरुषांना काळी एक-दोन. एकत्र गाताना धृपदाचा सर्वांत वरचा स्वर कोणालाच ताणावा लागणार नाही अशी पट्टी घ्यायची आणि कडवी एकट्याने, धृपद सगळ्यांनी. पेटी फक्त धृपदाला. कडव्यात पेटी राहिली तर हिब्रू शब्द तिच्याखाली दबतात.

मलिद्याच्या ताटाचा गाण्याच्या लांबीशी थेट संबंध आहे. साठ माणसांना 3 किलो जाडे पोहे, 6 नारळ, दीड किलो साखर, वेलची आणि सुका मेवा. भिजवलेले पोहे तासाभराने गोळा होऊ लागतात. म्हणून आधी कीर्तन, मग पोहे कालवायचे, मग एलियाहू हनाबी आणि फळांची आशीर्वचनं. गाणी आणि आशीर्वचनं मिळून अर्ध्या तासात आटपायची.

कीर्तन 25 मिनिटांचं, विषय समुद्र ओलांडण्याचा. बेने इस्राएल कीर्तन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचं, कथा तनाखची (ज्यू बायबलची) आणि रचना आपल्या मराठी साकी, दिंडी, ओवी, पदांची. कीर्तनकार बाई जुन्या छापील पुस्तिकेतून पदं घेणार आहेत. त्यांच्याकडे एकच मागणं: फारोच्या सैन्याचं वर्णन दिंडीत लांबवू नये, मिर्यामच्या डफाचं पद पूर्ण घ्यावं. मुलाची ताई ते पद म्हणेल. शब्बाथ शीरेला मिर्यामचं गाणं मुलीच्या तोंडून ऐकू यायला हवं, आणि आमच्या सिनेगॉगच्या पद्धतीत त्याची जागा रविवारचा हॉल हीच आहे.

18 जानेवारी, रविवार

प्रत्यक्ष सेफर तोरासमोर सराव. आपली गुंडाळी लाकडी तीकमध्ये (पेटीत) उभी राहते, टेबलावर आडवी पडत नाही. याने दोन गोष्टी बदलतात. मजकूर डोळ्यांसमोर उभा येतो, तेव्हा उंची कमी पडते. सहा इंचांचा पाट ठेवला. आणि तीकच्या दोन्ही झडपा आवाज अडवतात. वाचणाऱ्याच्या समोरची माणसं ऐकतात, बाजूच्या बाकांवर निम्मंच पोचतं. उपाय म्हणजे हनुवटी वर ठेवून वाचायचं. मान खाली घातली की आवाज चामड्यावर आपटून तिथेच संपतो.

पंख्यांचा आवाजही मोजून पाहिला. छताचे पंखे पाचवर असताना मागच्या रांगेत तर्खा आणि मारिखचा फरक कळत नाही. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी, साडेसहाच्या आत, सगळे रेग्युलेटर दोनवर आणायचे. नंतर हात लावता येणार नाही.

24 जानेवारी, शब्बाथ संपल्यावर

आज दुपारच्या मिन्हा प्रार्थनेत बेशलाखचा पहिला भाग वाचला गेला, गुरुवारचे तेच 14 पासूक. सोमवारी 26 तारखेला पुन्हा वाचले जातील. मुलगा दोन्ही वेळा तिक्कून हातात घेऊन शेजारी उभा. वाचता येणार नाही, तेरा अजून पूर्ण नाहीत, पण बोट फिरवता येतं. सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असल्यामुळे दहा पुरुषांचा मिन्यान जमायला अडचण नाही. ज्यांची बार मित्सवा गुरुवारी असते त्यांनी या दोन आयत्या संधी सोडू नयेत.

29 जानेवारी, गुरुवार

कोहेन पाहुणे आलेच. मुलगा तिसऱ्या आलियेवर गेला, वाचन सलग असल्याने कोणाला कळलंही नाही. शीरा छान उठली, दुसरं ‘कामोखा’ स्वच्छ. वडिलांनी ‘बारुख शेपतारानी’ (मुलाची जबाबदारी आता त्याची स्वतःची, असं वचन) म्हटल्यावर दोन मिनिटं काहीही न गाता थांबायचं ठरवलं होतं, ते योग्य ठरलं. लोक मुलाला भेटतात, तेव्हा गाणं सुरू केलं तर कोणीच गात नाही.

माइकमुळे मात्र मुलगा हळू वाचू लागला. शनिवारी माइक नाही, तिथे हाच आवाज कमी पडेल. आज संध्याकाळी हॉलच्या दुसऱ्या टोकाला आजोबांना बसवून हाफताराचे फक्त पहिले पाच पासूक मोठ्याने घेतले.

31 जानेवारी, शब्बाथ संपल्यावर, रात्री

सुरुवात बोलण्याच्या पट्टीत झाली आणि शेवटपर्यंत टिकली. आवाज 5:21 ला एकदा फुटला, मुलगा थांबला नाही. आजोबांच्या चालीत ‘ऊरी ऊरी’ आलं तेव्हा जुन्या मंडळींनी माना वर केल्या.

हाफतारा संपल्यावर मुलावर उधळायची चॉकलेटं आधीच उडाली. तिसऱ्या आशीर्वचनाच्या शेवटी आमेन ऐकून लहान मुलांनी फेकायला सुरुवात केली. कारण उघड आहे: चारही आशीर्वचनं आमेनने संपतात आणि मुलांना शेवटचं कोणतं ते कळत नाही. पुढच्या वेळी पिशवी एका मोठ्या माणसाकडे ठेवावी आणि त्याने चौथ्या आमेननंतरच वाटावी. मऊ, कागदात गुंडाळलेली गोळीच घ्यावी, कडक गोळी डोळ्याला लागते.

अदोन ओलामला ‘नाअसा’पाशी मागची रांग थोडी मागे राहिली. पुढच्या ओळीत जुळली.

2 फेब्रुवारी, सोमवार, तू बिश्वात

मलिदा वेळेत झाला, पोहे मोकळे राहिले. मिर्यामच्या पदाला रूपकाऐवजी दादरा वाजवला गेला, तो चांगला लागला, तसाच ठेवावा.

आजोबांच्या 31 फाइली, प्रत्येक पासूकच्या दोन्ही आवृत्त्यांसह, तीन ठिकाणी ठेवल्या: घरच्या संगणकावर, सिनेगॉगच्या पेनड्राइव्हवर आणि इस्राएलमधल्या नातेवाइकांकडे. सोबत एका पानावर आजोबा खुणांना काय म्हणतात ती यादी, मराठीत. त्यांच्याकडून अजून दोन गोष्टी घ्यायच्या राहिल्यात: एखा (विलापगीत ग्रंथ) वाचण्याची चाल आणि हब्दालाची (शब्बाथच्या समाप्तीच्या विधीची). हब्दालाची आधी घेणार, कारण ताईच्या धाकट्या बहिणीला 5 एलूलला, म्हणजे 18 ऑगस्टला, बारा वर्षं पूर्ण होतात आणि तिची बात मित्सवा त्या आठवड्याच्या शनिवारी रात्री, 22 तारखेला, हब्दालानंतर पेटीसह करायची आहे. पट्टीची चाचणी जूनमध्ये.